बरगडी की हात

"सर, उद्याची शिट्टी तुमचीच नव्हं?"

असं विचारत सर्जा माझ्या शेजारी कट्ट्यावर टेकला. मी नुसती मान हलवली, कारण तोंडात दूध होतं. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी लोक कट्ट्यावर दूध प्यायला येतात. म्हैस तिथंच उभी असते. गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसाचा ग्लास तसाच गरम हातात देतो. रावबा गवळ्याच्या म्हशीचा मी बारा वर्षांचा गिऱ्हाईक. शाळेत खेळाचा मास्तर, रविवारी फुटबॉलचा रेफरी, आणि रोज साडेसहाला रावबापुढं हजर.

सर्जा म्हणजे सर्जेराव अतिग्रे, आमच्या पेठेच्या नाळबंद तालमीच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर. गोलकीपरच्या पुढं उभं राहून येईल त्याला अडवायचं हे त्याचं काम. वय बावीस, छाती दाराएवढी, आणि डावा हात कोपराखाली जेमतेम चार बोटं लांबीचा उरलेला. सहा वर्षांचा असताना मामाच्या गुऱ्हाळात चरकात ऊस सारायला गेला, आणि उसाबरोबर हातही गेला. पेठ त्याला थोट्या म्हणायची. टोपणनाव ठेवताना आमची पेठ कुणाची गय करत नाही. माझ्या डोक्यावर तेव्हाही केस नव्हते, मला काय म्हणायचे ते मी सांगत नाही.

"उद्या जिकला तर अख्ख्या पेठेला दूध फुकट," रावबा धार काढता काढता म्हणाला.

"आणि हरलो तर?" सर्जानं विचारलं.

"हरला तर म्हशीला तोंड कसं दाखवू?"

रावबा बादली घेऊन दुसऱ्या म्हशीकडं गेला. तो लांब जाईपर्यंत सर्जा गप्प बसला, मग हळूच म्हणाला, "सर, एक बोलू काय? रागावणार न्हाईसा नव्हं?"

"बोल."

"सेमीफायनलला माझ्या हाताला चेंडू लागला. दोनदा."

"मला दिसलं नाही."

"दिसलं की. दुसऱ्या वेळंला तुम्ही घड्याळ बघितलंसा."

मी ग्लासात बघू लागलो. घड्याळ बघणं ही माझी जुनी युक्ती. ती कुणाच्या लक्षात आली नाही असं मी समजत होतो, आणि जो ओळखणार नाही असं वाटत होतं त्यानंच ओळखली होती.

"उद्या गोव्याच्या गोदी कंपनीचा साहेब येणार हाय," तो म्हणाला. "डिकुन्हा म्हणून. त्यांच्या संघात घेतला तर कायमची नोकरी. पण त्यानं आपल्या सेक्रेटरींना पत्र घातलंय. ह्या पोराला तिकडं रेफरी सांभाळून घेत्यात असं ऐकलंय, खरं काय, म्हणून. आमच्याकडं कोण सांभाळणार न्हाई, म्हणतोय."

"मग मी काय करू म्हणतोस?"

"बाकीच्यांना मारता तशी शिट्टी मारायची. हात लागला तर लागला म्हणायचं."

"आणि पेनल्टी बसली तर?"

"बसंना. मी भांडीन की. भांडायला कुठं दोन हात लागत्यात?" एवढं बोलून त्यानं माझ्या हातातला ग्लास घेतला, उरलेलं दूध पिऊन टाकलं आणि मिशी पुसत निघून गेला. गुरुदक्षिणा द्यायची सोडून गुरूचंच दूध पिणारा असला शिष्य मला दुसरा मिळाला नाही.

आता पेठेतल्या रेफरीला पेठेच्याच फायनलला कसं लावलं, असं कुणी विचारील. असोसिएशनकडं मोठ्या सामन्याच्या लायकीचे रेफरी तीनच होते. एकाला कावीळ झाली होती आणि दुसऱ्याच्या मुलीची हळद होती. समोरचा संघ चौबुर्जी मंडळ. त्यांनी माझ्या नावाला हरकत घेतली नाही, कारण माझी सासुरवाडी चौबुर्जीतच होती. शिव्या घालायचा हक्क दोन्ही पेठांना सारखाच राहील, असा सगळ्यांनी विचार केला आणि एकमतानं मला उभं केलं.

जेवताना मी सिंधूला, म्हणजे बायकोला, सर्जाचं बोलणं सांगितलं. तिनं भाकरी मोडली आणि म्हणाली, "बरोबरच बोलला तो."

"मी कुठं सांभाळतो त्याला?"

"तो पाचवीत असताना तुम्ही त्याला खेळाच्या तासाला काय काम दिलं होतं?"

मला आठवत होतं, पण तिच्या तोंडून ऐकणं नशिबात होतं. "बाकीची पोरं खेळायची आणि त्याला तुम्ही त्यांची दप्तरं राखायला बसवायचा. हात नाही, पडेल, लागेल म्हणून. मग पोरगं दप्तरांच्या ढिगापाशी एकटंच चेंडू पायावर खेळवत बसायचं. तुम्हीच सांगितलंय मला. तेव्हा चुकलात, ते आता घड्याळ बघून भरून काढताय. त्याला पाचवीतही नको होतं आणि आताही नको आहे."

"तू कुणाकडून आहेस उद्या? माहेरकडून की सासरकडून?"

"मी आमटीकडून आहे. गार व्हायला लागली, जेवा."

दुसऱ्या दिवशी स्टेडियम काठोकाठ भरलं होतं. ढोल, ताशे, खिशात पुड्या बांधून आणलेला गुलाल. पॅव्हेलियनमध्ये पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक काळेसावळे गृहस्थ बसले होते. मांडीवर वही होती. ते डिकुन्हा साहेब हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण त्या रांगेत शेंगा न खाणारा तेवढा एकच माणूस होता.

पहिल्या अर्ध्यातच नाळबंदनं एक गोल केला. त्यानंतर चौबुर्जीनं जे हल्ले चढवले ते सगळे सर्जावर येऊन अडले. मी पुष्कळ खेळाडू पाहिले, पण हवेत उडी घेताना तोल सांभाळायला ज्याला एकच हात आहे त्याला एवढं उंच उडताना दुसऱ्या कुणाला पाहिलं नाही. डावा खांदा तो थोडा खाली टाकायचा, आणि समोरच्याला वाटायचं हा पडणार. तेवढ्यात चेंडू त्याच्या कपाळावर बसून अर्ध्या मैदानापलीकडं गेलेला असायचा. एकदा त्यानं चौबुर्जीच्या नऊ नंबरला धक्का दिला. मी फाऊल दिला. तो माझ्याकडं बघून गालात हसला, आणि मी घड्याळाकडं न बघता पुढं पळालो.

शेवटची सहा मिनिटं राहिली होती. चौबुर्जीच्या नऊ नंबरनं पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू घेतला आणि गोलावर सणसणीत हाणला. सर्जा आडवा झेपावला. चेंडू त्याच्या डाव्या अंगाला लागला आणि बाहेर गेला. दगड भिंतीवर बसावा तसा आवाज झाला.

मी शिट्टी मारली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडं बोट केलं.

 मग आमच्या पेठेच्या बाजूनं जो आवाज उठला त्यात माझे आईवडील, आजोबा आणि माझी शाळा, सगळे येऊन गेले. वरून एकजण ओरडत होता, "अरे टकल्या, हातच न्हाई त्याला आणि हँडबॉल कसला देतोस?" हे बघा, मी सांगणार नव्हतो ते शेवटी आलंच.

सर्जा उठला तो थेट माझ्या अंगावर धावून आला. "बरगडी! बरगडीला लागला, सर. हाताला न्हाई."

"हात होता."

"कुठला हात? हे बघा." त्यानं जर्सी वर केली. डाव्या बरगडीवर तळव्याएवढा लाल वळ उमटला होता. "हे काय हाय मग? डास चावलाय काय?"

"जर्सी खाली कर."

"करत न्हाई. डोळं उघडा की जरा."

मी पिवळं कार्ड काढलं. त्यानं ते बघितलं, मग मला बघितलं, आणि जे बोलला ते छापता येणार नाही. कानामागं टाकून मी पाठ फिरवली. एरवी लाल कार्ड बसलं असतं, पण आदल्या दिवशी भांडीन म्हणून त्यानं आगाऊ सांगितलंच होतं.

पेनल्टी गोलात गेली. वेळ संपली तेव्हा एक-एक होतं. टायब्रेकर झाला. सर्जानं आपली किक जाळीत मारली, पण पुढचा गडी चुकला आणि चौबुर्जीनं फायनलची ढाल नेली.

मी रेफरीच्या खोलीत बूट सोडत बसलो होतो. बाहेर आमची पेठ माझी वाट बघत होती, म्हणून सावकाश सोडत होतो. तेवढ्यात पांढरी टोपी दारात आली.

"रेफरी, एक विचारू?" डिकुन्हा साहेब म्हणाले.

"विचारा."

"ती पेनल्टी. त्या मुलाच्या जागी दोन हातांचा मुलगा असता, तरी दिली असती?"

मी नाडीची गाठ सोडत होतो. ती सुटेना. "दिली असती," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी वही मिटली आणि टोपीला हात लावून गेले.

पोलिसांच्या जीपमधून मला घरी सोडायचं ठरलं होतं. पण पेठेच्या तोंडाशी गर्दी बघून हवालदार म्हणाला, "सर, दुसरं कोण नातेवाईक हाईत काय जवळपास?" मग सासुरवाडीला गेलो. ती आणखी मोठी चूक झाली. चौबुर्जीत विजयाची मिरवणूक चालली होती. त्यांनी जीप ओळखली, मला खाली उतरवून खांद्यावर घेतलं आणि डोक्यापासून बुटापर्यंत गुलालात बुडवलं. सासरे दारात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमचा जावई. आमचा जावई." लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण ह्या माणसानं तोवर मला कुणापुढं जावई म्हणून मिरवलं नव्हतं. मी तीन दिवस तिथं काढले. सिंधू आमटीचा डबा घेऊन आली, माझे गुलाबी कान बघून पदर तोंडाला लावून हसली आणि डबा ठेवून गेली.

चौथ्या दिवशी घरी आलो आणि साडेसहाला कट्ट्यावर गेलो. रावबाच्या बादलीत फेस वरपर्यंत आला होता.

"एक ग्लास दे."

"म्हस आटली, सर."

"अरे, बादली भरलीय समोर."

"ती काल आटायच्या आधीची हाय."

मी पाच मिनिटं उभा राहिलो. माझ्यासमोर अकरा माणसं दूध पिऊन गेली. दुसऱ्या दिवशीही म्हैस आटलेलीच होती. सलूनवाला म्हणाला, सर, तुमचं काय कापायचं. शाळेत पोरं माझ्या समोर एकमेकांना विचारायची, पायाला हँडबॉल लागतो काय रे. हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो असं सांगितलं असतं, पण ते खरं नाही. मला रात्री झोप लागत नव्हती.

सर्जा मला रस्त्यात भेटला तरी न बोलता जायचा. दोनदा गेला. तिसऱ्यांदा, फायनलनंतर पंधरा दिवसांनी, तो सकाळी घरी आला. हातात लिफाफा होता. गोव्याहून आलेला.

"घेतलं, सर," एवढंच म्हणाला आणि वाकून पायाला हात लावला. सिंधूनं त्याच्या हातावर साखर ठेवली. माझे डोळे भरून आले ते मी दाखवले नाहीत. जाताना तो उंबऱ्यात थांबला आणि मागं वळून म्हणाला, "पर बरगडीच होती, सर."

"हात होता."

"बरगडी."

त्या संध्याकाळी रावबानं मला बघितलं, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि ग्लास भरला. "पोराची नोकरी झाली म्हणून देतोय," तो म्हणाला. "पेनल्टी अजून मान्य न्हाई."

सर्जा अकरा वर्षं गोव्यात खेळला. त्यातली चार वर्षं कप्तान होता. नोकरी पक्की झाली, लग्न तिकडंच झालं, आणि खेळणं सुटल्यावर कंपनीनं त्याला पोरांचा कोच केला. दर दसऱ्याला तो पेठेत यायचा आणि आधी माझ्या दारात येऊन उभा राहायचा. नमस्कार नाही, रामराम नाही. "सर, बरगडी," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "हात." मग सिंधू चहा टाकायची. पुढं तो बायको घेऊन आला, मग पोरगी घेऊन. त्या पोरीनंही बोलायला लागल्यावर दारातून आत येत मला "बलगली" असं सांगितलं.

ह्या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. सिंधू जाऊन तीन वर्षं होतील. गेल्या दसऱ्याला सर्जा आला तेव्हा आम्ही दोघं कट्ट्यावर जाऊन बसलो. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्याचे केस पांढरे. मला तेवढेही नाहीत. रावबा आता धार काढत नाही, खुर्ची टाकून मुलाला सूचना करत बसतो. मुलानं दोन ग्लास आणून दिले.

"बरगडी, सर," सर्जा ग्लास घेत म्हणाला.

मी "हात" म्हणालो नाही. सिंधू असती तर तिनं मला हे केव्हाच बोलायला लावलं असतं. ती नव्हती, म्हणून मला एकट्यालाच बोलावं लागलं.

"सर्जा, त्या दिवशी मला दिसलंच नव्हतं."

त्यानं ग्लास तोंडापासून खाली घेतला.

"त्यांचा नऊ नंबर तुझ्या-माझ्या मध्ये होता," मी म्हणालो. "मला फक्त त्याची पाठ दिसली आणि आवाज आला. तू आदल्या दिवशी इथं बसून बोलला होतास ते डोक्यात होतं. ह्या वेळी घड्याळ बघायचं नाही, ह्या वेळी सोडायचं नाही, एवढंच मनात होतं. दुसरा कुणी असता तर मी शिट्टी मारली नसती. तू होतास म्हणून मारली. डिकुन्हांना मी नक्की म्हणालो, तेही खोटं. तुझी ढाल मी घालवली."

 छत्तीस वर्षं मी ह्या माणसाला दारात "हात" म्हणून सांगत होतो, आणि दर वेळी त्याच्या बरगडीवरचा तो लाल वळ मला दिसत होता.

 समोर रावबाचा मुलगा म्हशीला पाणी दाखवत होता. मग सर्जानं ग्लास कट्ट्यावर ठेवला, डाव्या बाहीचं टोक उजव्या हातानं वर सारलं आणि कोपराखालचा तो उरलेला हात माझ्यापुढं केला.

"हितं लागला होता," तो म्हणाला. त्यानं एका जागेवर बोट ठेवलं. "बरोबर हितं. आठ दिवस ठणकत होता."

"अरे, तू तर जन्मभर बरगडी म्हणतोयस."

"म्हणणारच की. पेनल्टी दिल्यावर कोण कबूल करतंय?"

"आणि तो वळ?"

"तो आधीचा. पहिल्या हाफात लागलेला."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. नवे डोळे बसवल्यापासून मला लांबचं सुद्धा चांगलं दिसतं, आणि हा तर हातभर अंतरावर होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. म्हशीकडं बघत होता.

"सर्जा," मी म्हणालो.

"सर, आता माघारी घेऊ नका." त्यानं बाही खाली केली.  "तुम्ही शिट्टी मारलीसा आणि मी तुम्हाला शिव्या दिल्या. त्याच्या आधी कुणी माझ्याशी तसं भांडलं नव्हतं. सगळी बिचारा म्हणायची. गोव्यात पहिल्या दिवशी डिकुन्हा साहेब पोरांना काय म्हणाले माहीत हाय? म्हणाले, ह्याच्यावर ह्याच्याच मास्तरनं पेनल्टी दिलीय, ह्याला सांभाळू नका. ते मी अकरा वर्षं अंगावर घालून खेळलो. हाताला लागला होता, सर. तुम्हाला दिसला होता."

 मी ग्लास उचलला, पण दूध बोटांवर सांडलं म्हणून परत ठेवला. सर्जानं तो उचलून माझ्या हातात नीट दिला आणि मी दोन घोट घेईपर्यंत खालून बोटं लावून धरला.

रावबा काठी टेकत आमच्याकडं येत होता. तो ऐकू येण्याइतका जवळ आल्यावर सर्जानं आवाज चढवला.

"रावबा, सांग की ह्यांना. बरगडीला लागला होता का न्हाई?"

"बरगडीलाच," रावबा म्हणाला. "अख्ख्या पेठेनं बघितलंय."

दोघं माझ्याकडं बघत थांबले. मी मिशीवरचा फेस पुसला.

"हात होता," मी म्हणालो. "मी स्वतः बघितलाय."

"ह्यांचं दूध बंद कर रे," रावबा मुलाला म्हणाला. "म्हस आटली म्हणून सांग."